मॅडमचा रिकामा डबा

दुपारी जेवून सोप्यात बाजेवर आडवा झालो हुतो. रिटायर झालेल्या ड्रायवरला दुपारचं एकच सपान पडतं, आनि ते म्हंजी रस्ता. दोन्ही बाजूला ऊस, उसाला पांढरं तुरं आलेलं, वारं सुटलं की सगळा रस्ताच पान्यागत हळूहळू हलायला लागतो. मी स्टेरिंग धरून बसलेलो असतो, पन मी गाडी चालवतोय का गाडी मला चालवतीय ते कळत न्हाई... त्यात फोन वाजला. मला वाटलं मागनं कोन हॉर्न देतंय, म्हनून मी झोपेतच बाजूला घेतलं आनि धपकन बाजेखाली पडलो. पडल्या पडल्या फोन कानाला लावला. पलीकडनं कोन बोलंना. नुसता पंख्याचा आवाज येत हुता. घर्र... घर्र... आनि त्या आवाजावरनंच वळखलं मी, दिनकर हाय.

दिनकर म्हंजी ज्यानं माज्याशी बोलनं टाकून लय वर्सं झाली हुती त्यो मानूस.

"शंकऱ्या," त्यो म्हनला.

"बोल."

"मॅडम गेल्या रं."

 फोन तसाच कानाला. त्येच्याकडं पंखा फिरत हुता, आनि माज्या डोळ्याम्होरं, खाली फरशीवर पडल्या पडल्या, परत त्योच रस्ता फिरायला लागला.

मी काय लिहिनारा मानूस न्हवं. चौथीत गुर्जींनी मला एवढ्यांदा त्येच बाकावर बसवलं की शेवटाला बाक मोडला, आनि शाळेचं बाक आनि माजी शाळा एकदमच सुटली. हे मी बोलतोय आनि सुनबाई उतरवून घेतीय. जितं ब्येस वाटंल ते तिचं, जितं चुकंल ते माजं. पन कांबळे मॅडमबद्दल कुनीतरी सांगाय पायजे. हापिसातनं एक शोकसभा झाली, तिच्यात साहेब लोक 'कर्तव्यदक्ष' म्हनलं आनि चहा पिऊन गेलं. डब्याचं कुनी बोललं न्हाई.

आमचं खातं पान्याचं. नाव सांगत न्हाई, पेन्शन चालू हाय अजून. तर त्या खात्यानं दर हापिसात एक खोली काढली हुती, 'संवाद कक्ष'. कर्मचाऱ्यांची आपसात भांडनं झाली की चौकशी, बदली, कोर्ट ह्येच्या आदी दोघांस्नी त्या खोलीत बसवायचं, मधी एक समजूतदार मानूस द्यायचा, आनि बोलून मिटवायचं. मिटलं की दोघांच्या सह्या. योजना चांगली हुती, मी नाव ठेवत न्हाई. पन वरच्यांस्नी एक दिवस शंका आली, की कागदावर तर सगळीच भांडनं मिटलेली दिसत्यात, मग हापिसात मानसं एकमेकाला बघून तोंड का फिरवत्यात? ते तपासायला सातारच्या कांबळे मॅडमना धाडलं. सांगली जिल्ह्यातली हापिसं मॅडमच्या वाट्याला आली, आनि मॅडमच्या वाट्याला मी. त्येंचं नशीब बगा.

त्या आल्या त्या पैल्याच दिवशी आमच्या हापिसातल्या संवाद कक्षात गेल्या. भिंतीवर एक मोठा फोटो लावलेला, चौकटीत. दोन मानसं हात मिळवून हासत्यात. खाली लिहिलेलं, 'संवादातून समेट'. मॅडमनी इचारलं, "हे कोण?"

साहेब म्हनलं, "आमची सगळ्यात यशस्वी केस, मॅडम. त्यातला टकला तुमचा ड्रायवर."

मी दारात किल्ली फिरवत उभा. मॅडमनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माज्याकडं. म्हनल्या, "फोटोत जास्त हसताय हो."

आता ती केस काय हुती ते सांगतो, हसू नका. हापिसाच्या मागं आमची ड्रायवर-शिपायांची खोली, आनि त्या खोलीत एक पंखा. दिनकर शिपाई, कवठे महांकाळकडचा. त्येच्याकडचं ऊन असं, की सावलीसुदीक उन्हात बसल्यागत वाटती. त्येला पंखा लागायचाच. मी टकला. पंख्याचं वारं डोक्यावर आलं की मला संध्याकाळपतोर शिंका. त्यो लावायचा, मी बंद करायचा. एक दिवस मी पंख्याचं बटनच काढून जीपमधी ठिवलं. दुसऱ्या दिवशी त्येनं जीपच्या चारी काचा काढून टाकल्या... म्हनला, "आता बस वाऱ्यात!" हितपतोर गंमतच हुती. पन मग कुनीतरी त्येला म्हनलं लेखी दे, आनि त्येनं दिलं. मला म्हनलं तूबी दे, मीबी दिलं. कागदावर मी 'गैरअर्जदार' झालो आनि त्यो 'अर्जदार'. लोकांस्नी वाटतं भांडन पंख्यावरनं झालं. न्हाई. पंख्यावरनं आमी कवाचं हासत हुतो. नोकरीला लागल्यापास्नं आमी दोघं एका डब्यात जेवलेलो, त्येच्या शेंगाच्या चटनीला माजी भाकरी, माज्या बायकोच्या वांग्याला त्येचा हात. आनि त्या मानसानं मला 'गैर' लिहिलं. त्येलाबी माजं तसंच वाटलं आसनार. संवाद कक्षातनं निकाल आला, दोन पंखं बसवा. दोन पंखं आलं, सह्या झाल्या, फोटो निघाला. त्या दिवसापास्नं खोलीत एकबी पंखा कुनी लावला न्हाई आनि एकबी डबा मधी आला न्हाई. त्यो खिडकीकडं तोंड करून जेवायचा, मी भिंतीकडं. माज्या भिंतीवर एक पाल हुती, तिच्याशी बोलायचो मी. पालबी पुढं कटाळली.

तर मॅडमना घिऊन मी फिरायला लागलो. ते दिस मला अजून अर्ध्या झोपंत आठवतात तसं आठवत्यात, कडा पुसलेलं. तासगावकडं निघालो की मॅडम काच खाली करायच्या. बेदान्याच्या शेडवरनं वारं यायचं, गोडसर, जरा आंबूस, आनि त्या डोळं मिटून म्हनायच्या, "शंकरराव, इथलं वारंसुद्धा चाखता येतं." मी आरशातनं बघायचो. झोपल्या का जाग्या हाईत ते कळायचं न्हाई. रस्त्यानं ट्रॅक्टर, ट्रॉलीत द्राक्षाचं क्रेट, त्येंच्या मागं मागं आमी, पुढं जायची घाई कुनालाच न्हाई.

त्येंचं काम आसं. सकाळी हापिसात जायचं, मिटलेल्या भांडनांचं कागद वाचायचं, ज्येंची भांडनं हुती त्येंच्याशी येगयेगळं बोलायचं. सगळी म्हनायची, "मिटलं की मॅडम. आता काय न्हाई." मॅडम लिहून घ्यायच्या. मग जेवनाची सुट्टी झाली की आपला डबा घिऊन त्येंच्यात जाऊन बसायच्या. पितळंचा जुना डबा, वर कडी. आनि ह्यो डबा मी रोज जीपमधी ठेवायचो, तर एक दिवस ध्यानात आलं, हा हलका लागतोय. उघडून बघितला तर रिकामा. दुसऱ्या दिवशी बघितला, रिकामा. घासून पुसून लखलखीत, पन आत काय न्हाई.

माजं डोकं बाहिरनं जेवढं गुळगुळीत हाय तेवढंच आतनंबी. मला वाटलं, मॅडम लय गरीब हाईत. मग वाटलं, न्हाई, एवढा पगार, चिंगूस आसतील. मग वाटलं, रेस्ट हाऊसवर राहनारी बाई, कोन करून घालनार... रिकामा डबा घिऊन बसत्यात आनि लोकांचं बघत आसतील बिचाऱ्या! मला रातभर झोप न्हाई. सकाळी बायकोला म्हनलं, झुनका-भाकरी जास्तीची कर. आनि कवठे महांकाळला पोचलो तसा मॅडमच्या नकळत त्यो डबा गच भरून ठिवला. वर ठेचा, वर कांदा.

त्या हापिसात एक क्लार्क आनि एक स्टोअरकीपर, दोघांचं कडाक्याचं वाजलं हुतं आनि कागदावर मिटलं हुतं. मॅडम त्या दोघांत बसल्या. नेहमीसारखं म्हनल्या, "माझा डबा आज बघा रिकामाच राहिला," आनि कडी काढून झाकन उघडलं. आत झुनका. मॅडम झुनक्याकडं बघत्यात, झुनका मॅडमकडं. क्लार्क म्हनला, "हाय की मॅडम, लय हाय!" आनि आपापल्या डब्यात खाली मान घालून दोघं जेवली. मॅडमनी सगळा झुनका एकटीनं खाल्ला. ठेच्यानं डोळ्यातनं पानी आलं.

परत येताना इचारलं त्येंनी, "शंकरराव, डबा कुणी भरला?"

मी छाती फुगवून, "आवं मॅडम, आता रोज भरनार. तुमी काय काळजी करू नका. कुनाला सांगनार बी न्हाई."

बाई जी हासायला लागली, ती मिरजेच्या पुलापतोर हासत हुती. मला जीप बाजूला घ्यायला लावली. उतरल्या, चिंचंखाली उभ्या राहिल्या, तोंडावर पानी मारलं, परत हासल्या. मग सांगितलं. डबा मुद्दाम रिकामा आनायच्या. रिकामा डबा बघून आपल्याकडं कोन गप बसत न्हाई, दोन्हीकडची मानसं त्यात काय ना काय घालत्यात. मग त्या डबा हळूच दोघांच्या मधी सरकवायच्या आनि बोलत बसायच्या. आता एकाच डब्यात ह्येची भाजी आनि त्येची चटनी. ज्येंचं मिटलेलं आसतं, त्येंचं हात न इचारता इकडचं तिकडं जात्यात. ज्येंचं मिटलेलं नसतं, ती बोटंभर अंतर ठिवून आपली भाजी तेवढी उचलत्यात.

"सही करताना माणूस वरचं ऐकतो," त्या म्हनल्या. "जेवताना कुणाचंच ऐकत नाही."

दिस मावळत आला हुता. रस्त्यावर माती तांबडी झालेली, आनि पुढचं सगळं धुक्यागत दिसत हुतं, धूळ हुती ती. मागनं मॅडमचा आवाज आला.

"पहिल्या नोकरीत माझ्या डब्याला कुणी हात लावत नव्हतं, शंकरराव. भांडण कुणाशी नव्हतं. सगळे गोड बोलायचे, बसा मॅडम, घ्या मॅडम. आमचा डबा कुठल्या घरचा ते सगळ्यांना माहीत होतं, एवढंच."

गप बसनं मला जन्मात जमलं न्हाई. पन त्या दिवशी गिअर बदलायचा आवाजसुदीक नको वाटला. मी हळूच इचारलं, "मग पैल्यांदा कुनी घेतलं?"

"एक टायपिस्ट होती. माझ्याशी रोज भांडायची, खिडकीवरनं, कार्बन पेपरवरनं, कशावरनंही. एक दिवस भांडता भांडताच तिनं माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचलली, तोंडात टाकली, आणि परत भांडायला लागली." मॅडमनी काच वर घेतली. "तिला कळलंसुद्धा नाही. मी घरी जाऊन खूप रडले हो... आनंदानं."

त्यानंतर शिराळ्याला मी डब्याला हात लावला न्हाई. लांबनं दारातनं बघितलं. दोन इंजिनेर, वर्साखाली एकमेकाच्या अंगावर फाईली फेकलेली मानसं. डबा मधी सरकला, आनि एकानं दुसऱ्याच्या घरची शेवग्याची शेंग उचलून चोखली, वर म्हनला, "वहिनींनी मीठ जास्ती घातलंय." मॅडमनी माज्याकडं बघून डोळा बारीक केला. मला वाटलं जीप घिऊन सरळ आभाळात जावं.

पन मग आमच्या हापिसाची पाळी आली. साहेबांनी सगळ्यांस्नी दम भरला, आपली केस आदर्श म्हनून वर जानार हाय. दुपारी मॅडम मागच्या खोलीत आल्या, मधोमध बसल्या, डबा उघडला. दिनकरला काय ठावं न्हवतं. त्येनं मान वर न करता शेंगाची चटनी घातली आत, चांगली पसाभर. आता सगळी माज्याकडं बघाय लागली. माज्या डब्यात भरलं वांगं हुतं. दिनकरच्या जिवाचं. मला म्होरचं सगळं दिसत हुतं, मी वांगं घालनार, मॅडम डबा सरकवनार, दिनकर खानार... आनि माजा हात वांग्यापतोर गेला आनि तितंच बसला. जीपला धक्का मारून हलवतात तसा मी आतनं त्येला धक्का मारतोय, हलंना.

"मॅडम, मला ॲसिडिटी झालीय," म्हनलं, आनि जाऊन जीप पुसत बसलो. जीप सकाळीच पुसली हुती. मी तिचा रंग जाईपतोर पुसली.

संध्याकाळी मॅडम आल्या, शेजारी उभ्या राहिल्या. "शंकरराव, मी तुमचं 'मिटलेलं नाही' असं लिहिलंय. राग आला तर येऊ दे."

"लिहायचं हुतं की मिटलं म्हनून. कुनाचं काय बिघडलं आसतं?"

"मग खरंच मिटेल त्या दिवशी मी काय लिहू?"

साहेबांनी लय आदळआपट केली. मॅडम हलल्या न्हाईत. पुढं म्हनं त्या अहवालावरनंच ठरलं, सह्या झाल्या म्हंजी मिटलं आसं धरायचं न्हाई, काही म्हैन्यांनी परत जाऊन बघायचं. फोटो भिंतीवरनं उतरवला. साहेब त्यो अडगळीत टाकनार हुतं, मॅडमनी मागून घेतला. जाताना म्हनल्या, "खिळा राहू द्या."

मग मी रिटायर झालो, दिनकर झाला, मॅडम आमच्या आदीच झाल्या हुत्या. कवातरी त्येंचा फोन यायचा. "जेवलात?"

"जेवलो की."

"कुणाबरोबर?"

"बायकोबरोबर."

"बरं," म्हनायच्या आनि ठिवायच्या.

दिनकरचा फोन आला त्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमी साताऱ्याची गाडी धरली. सांगलीच्या स्टँडवर त्यो आदीच उभा. म्हातारा झालाय. मनात म्हनलं, हा एवढा म्हातारा झाला तर मी कसा दिसत आसंन! गाडीत शेजारी बसलो. बसल्या बसल्या त्येनं खिडकी उघडली. मी बंद केली. त्येनं उघडली. मी काय बोललो न्हाई, डोक्याला टॉवेल गुंडाळला. असं करत करत साताऱ्याला पोचलो, एक शब्द न बोलता, आनि एकदाबी कुनाला सांगावं लागलं न्हाई कुटं उतरायचं ते.

घरी मॅडमचं मालक. मिल्ट्रीतनं रिटायर झालेले, पाठ अजून सरळ. मॅडमच्या फोटोपुढं मेनबत्ती लावलेली. आमी वाकलो. मालक आमच्याकडं बघत म्हनलं, "तुम्ही शंकरराव. हे दिनकर. ओळखतो मी." आनि सैपाकघराकडं हात केला. चहासाखरंच्या फळीवर, डब्यांच्या मागं, त्योच आमचा फोटो. 'संवादातून समेट'.

"रोज चहा करताना विचारायची," मालक म्हनलं, "हे दोघं जेवले असतील का हो आता?"

दिनकरनं खाली बघितलं. मीबी बघितलं. फरशी चांगली हुती.

"मालक," दिनकरनं घसा खाकरून इचारलं, "तुमी फोन मला का केला? शंकऱ्याला का न्हाई केला?"

"तिनं सांगून ठेवलं होतं. दवाखान्यात. म्हणाली, माझं काही झालं तर फोन दिनकरला करायचा, आणि त्याला सांगायचं, शंकररावांना तू कळव. त्यांचा नंबर होता माझ्याकडं. पण तिनं मला बजावलं, त्यांना तुम्ही करायचा नाही."

मेनबत्ती जराशी हालली. खिडकी उघडी हुती, पन वारं न्हवतं.

निघताना मालकांनी त्यो पितळंचा डबा हातात दिला. "भांडं रिकामं देऊ नये म्हणतात. पण हे रिकामंच द्यायचं, असंही सांगून गेली."

परतीच्या गाडीत डबा आमच्या दोघांच्या मधी, शिटावर. मी त्येच्याकडं बघत न्हवतो, त्यो बघत न्हवता. भाईर उसावर ऊन उतरलं हुतं आनि गाडी कुटं चाललीय का जाग्यावरच उभी हाय ते कळत न्हवतं... कराडला गाडी थांबली तसा दिनकर खाली उतरला. मला वाटलं गेला. आला तर हातात कांदाभज्याचा पुडा. कडी काढली, डब्यात वतला. मी खिशातनं बायकोनं बांधून दिलेलं फुटानं काढलं, त्यावर टाकलं. गाडी सुटली. माजा हात भज्याकडं गेला. त्येचा फुटान्याकडं. इचारलं कुनी न्हाई.

"हे काय फुटानं," दिनकर चावत म्हनला. "दगडाचं हाईत का काय? वहिनीला दिसाय कमी आलंय का?"

"तुझं भजं बघ की आदी. आत पीठ कच्चं!"

"कच्चं कच्चं म्हनतोस आनि चवथं खातोस की रं टकल्या!"

त्येनं खिडकी उघडली. मी टॉवेल गुंडाळला आनि खात राहिलो. सांगली येईपतोर भांडत हुतो. डब्यात हात कुनाचा हुता आनि भजं कुनाचं, ते बघायला मागच्या शिटावर कोन न्हवतं, तरी मी एकदा वर बघितलं, आरसा असतो तितं.

त्यो डबा आता ह्या आठवड्याला त्येच्या घरी, त्या आठवड्याला माज्या घरी आसतो, आनि भरूनच परत येतो. पन परवा नवीन कटकट निगालीय. दिनकर म्हनतो डबा कायमचा त्येच्याकडं राहनार, फोन पैल्यांदा त्येला आला हुता. मी म्हनतो माज्याकडं, झुनका मी भरला हुता. त्यो म्हनतो लेखी दे. मी म्हनलं तूच दे, दुपारी जेवायला ये तवा अर्ज घिऊन ये. बायकोनं वांगी चिरायला घेतल्यात. डबा सोप्यात हाय, झाकन काढून, रिकामा... आनि वर पंखा लावून ठिवलाय.